लातूरच्या मेसची पहिली वेबसाइट: आधी वही, मग कोड

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल मी कशावर बोलतोय. लातूरला तुझी आई बाहेरगावच्या मुलींसाठी खोल्या आणि मेस चालवते, चोवीस मुली राहतात. तू बीसीए दुसऱ्या वर्षाला, वेबसाइट आजवर बनवलेली नाही, आणि आता आईसाठी बनवायचीय. क्लासवाला फुल स्टॅकचा, म्हणजे साइटचं पुढचं-मागचं सगळं शिकवणारा कोर्स लाव म्हणायलाय, एक ओळखीचा माणूस पंधरा हजारात सगळं करून देतो म्हणतो, होस्टिंगवाले, म्हणजे साइट नेटवर ठेवायला जागा भाड्याने देणारे, तीन वर्षांचं एकदम घ्या स्वस्त पडेल म्हणायलेत, आणि तू विचारलंस की वर्डप्रेस (कोड न लिहिता साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) शिकू का कोडिंग. वर शेवटी एक ओळ, साइट साधी दिसली तर लोक हसतील का.

मी नांदेडला असतो, दुकानं, दवाखाने, शाळा, मंगल कार्यालयं, बियाणंवाले असल्या लोकांच्या साइट बनवतो, बरीच वर्षं हाच धंदा आहे. त्या अनुभवावरून सांगतो, मोठ्या कंपनीत काम करणारा वेगळं सांगेल आणि त्याच्या जागी तोही बरोबरच असेल.

वर्डप्रेस का कोडिंग हा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर तिसरा-चौथा आहे. पहिला प्रश्न हा की ही साइट उघडणार कोण, आणि उघडल्यावर त्याला काय पाहिजे. तुझ्या बाबतीत हे एकदम स्वच्छ आहे. गंगाखेड, वसमत, माजलगाव, भूम अशा कुठल्यातरी गावचा बाप, लेक दहावीला चांगली निघाली, लातूर पॅटर्न ऐकून 'नीट'साठी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी, तिकडं ठेवायचं ठरलं, क्लासची फी भरून झाली आणि आता राहायचं कुठं ह्या काळजीत रात्री जेवण झाल्यावर मोबाईल घेऊन बसलाय. शेजारी तिची आई बसलीय, ती फोन हातात घेत नाही पण प्रश्न सगळे तीच विचारायलीय. साइट ह्या दोघांसाठी आहे. तुझ्या वर्गातल्या पोरांसाठी नाही. म्हणून लोक हसतील का ह्याची काळजी आत्ताच सोड, हसणारे तुझे गिऱ्हाईक नाहीतच.

आता एक वही घे आणि काकूंच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, शेजारी बस. ज्या ज्या पालकाचा फोन येईल त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दात लिहून काढ. सीझन नसेल, फोन येत नसतील, तर काकूंच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मागच्या मे-जूनचे मेसेज वर सरकवत जा, सगळा खजिना तिथं पडलेला असतो. मी नवीन गिऱ्हाइकाकडं गेलो की लॅपटॉप उघडायच्या आधी हेच करतो, फोन कोण घेतं त्याच्यापाशी बसतो, मालकापाशी नाही, कारण मालक मला त्याच्या धंद्याबद्दल त्याला काय वाटतं ते सांगतो आणि फोन घेणारा लोक काय विचारतात ते सांगतो, आणि ह्या दोन गोष्टी फार कमी वेळा जुळतात.

तुझ्या वहीत साधारण हे येईल बघ. महिन्याचं किती. मेस धरून का वेगळी. डिपॉझिट किती आणि सोडताना परत मिळतं का. एका खोलीत किती मुली. क्लास पायी किती मिनिटं. रात्री गेट किती वाजता बंद. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का, का नुसता दिव्यापुरता. रविवारी भेटायला आलो तर आत येऊ देता का. पोरगी आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेणार. आणि पाणी. हा शेवटचा प्रश्न लातूरवाल्यांना आवडत नाही पण येतोच, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ती बातमी देशभर गेली आणि बाहेरच्या माणसाच्या डोक्यात अजून तेच आहे. मग उत्तर द्यायचं ना सरळ. बोअर आहे का, नळ किती दिवसाआड, टाकी किती लिटरची, उन्हाळ्यात टँकर लागला तर त्याचे पैसे मुलींकडून घेता का नाही. एवढ्या चार ओळी ज्या मेसच्या साइटवर असतील तिला पालक आधी फोन करेल, कारण बाकी सगळ्यांनी लिहिलेलं असतं 'भरपूर पाणी' आणि त्याचा अर्थ काय ते कुणालाच माहीत नसतं.

ही प्रश्नांची यादी हीच तुझी साइट आहे, खरंच सांगतो. जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला तो सगळ्यात वर, उत्तर दोन-तीन ओळीत, काकू फोनवर जसं बोलतात तसंच. 'आमच्या संस्थेत गुणवत्तापूर्ण सुविधा उपलब्ध आहेत' असलं काही लिहू नकोस. काकू फोनवर असं बोलत नसतील. त्या म्हणत असतील, सकाळी पोहे नाहीतर उपमा, दुपारी डबा भरून देते, रात्री गरम भाकरी, शनिवारी खिचडी. तेच लिही, आईच्या पोटातली काळजी त्यानेच जाते.

एक भांडण तुझं घरात होणार आहे, रेटवरून. काकू म्हणतील रेट टाकू नको, शेजारचे बघतील. हे माझ्या जवळपास प्रत्येक कामात होतं. माझं मत असं की शेजारच्याला तुझा रेट आधीच माहीत असतो, लपतो तो फक्त गिऱ्हाइकापासून. पण हे थोडं परिस्थितीवर आहे. जागा दरवर्षी जूनच्या आत भरत असतील तर रेट टाकून मोकळं व्हावं, ज्याला परवडत नाही तो फोन करणार नाही, काकूंचा वेळ वाचेल. जागा रिकाम्या राहत असतील आणि काकू माणूस बघून शे-पाचशे कमी करत असतील, तर 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' लिही. अजिबात काहीच न लिहिणं मात्र मला पटत नाही. शेवटी धंदा त्यांचा आहे, ऐकायचं त्यांचंच.

फोटो. खोलीचा, गच्चीचा, स्वयंपाकघराचा, गेटचा, गल्लीचा, दिवसा उजेडात काढलेला, पसारा थोडा आवरून. राहणाऱ्या मुलींचा एकही फोटो नको, पाठमोरा पण नको, नावं नकोत, कुणाचा किती स्कोर आला ते नको, आणि कुठल्या वेळेला सगळ्या मुली कुठं असतात असलं वेळापत्रक तर अजिबात नको. त्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरी आहेत आणि साइट कोणीही बघू शकतं. नेटवरून उचललेला बंक बेडवर हसणाऱ्या परदेशी मुलींचा फोटोही नको, तो पालकाला लगेच कळतो आणि मग बाकीचं खरं असलं तरी खोटं वाटायला लागतं.

आता तुझ्या मूळ प्रश्नावर येतो. वर्डप्रेस वाईट नाही, २००३ पासून आहे, जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त साइट त्याच्यावर चालतात, मी स्वतः कित्येक कामं त्यात करतो. ते कधी घ्यायचं, तर दर आठवड्याला काहीतरी नवीन टाकायचं असेल आणि टाकणाऱ्याला कोडमधलं काही येत नसेल तेव्हा. शाळा, वर्तमानपत्र, मोठं दुकान. मेसच्या साइटवर बदलतं काय? वर्षातून एकदा रेट, आणि जागा शिल्लक आहे का नाही. ह्याच्यासाठी डेटाबेस, पीएचपी, थीम, प्लगिन (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) एवढा संसार मांडणं म्हणजे चार माणसांच्या चहाला लग्नातलं पातेलं चढवण्यासारखं आहे, चहा होतो पण पातेलं कोण घासणार? वर्डप्रेसला अपडेट मारत राहावं लागतं. नाही मारलं की जुन्या प्लगिनच्या भोकातून कोणीतरी आत शिरतं. माझ्याकडं एका शाळेचे लोक आले होते, गुगलवर शाळेचं नाव टाकलं की खाली जपानी अक्षरात बुटांच्या जाहिराती दिसायच्या. हा हॅक इतका कॉमन आहे की गुगलने त्याच्यावर वेगळं मार्गदर्शनाचं पान ठेवलंय. शाळेने कोणाचं काही बिघडवलं नव्हतं, साइट बनवून देणारा पैसे घेऊन गेला आणि मागं अपडेट मारायला कोणी नव्हतं, एवढंच.

म्हणून तुला माझं सांगणं, साधं एचटीएमएल (पानावर काय आहे ते सांगणारी भाषा) आणि थोडं सीएसएस (ते कसं दिसायचं ते सांगणारी), एकच पान. तू बीसीएला नसतास, नुसतं मेसचं काम पाहिजे असतं, तर मी म्हणलो असतो गुगल साइट्स वापर, फुकट आहे, एका संध्याकाळी होतं. पण तुला शिकायचंय पण, आणि ज्याला एचटीएमएल कळतं त्याला पुढं वर्डप्रेस, रिअ‍ॅक्ट काहीही घे, आत काय चाललंय ते दिसतं. उलटं केलं तर दिसत नाही. माझ्याकडं इंटर्न पोरं येतात, वर्डप्रेसमध्ये बटणं ओढून पान बनवणारी, आणि फोटो एका बाजूला का सरकला म्हणलं की तासभर बटणंच दाबत बसतात.

किती शिकायचं? ह्या साइटपुरतं लई थोडं. हेडिंग, परिच्छेद, लिंक, फोटो, यादी, टेबल, आणि पानाच्या वरच्या हेड भागात टाकायच्या तीन-चार ओळी. एमडीएन नावाचं फुकट डॉक्युमेंटेशन आहे त्यात सगळं आहे, हाताने सराव करायला फ्रीकोडकॅम्प आहे, तेही फुकट. एडिटर म्हणून व्हीएस कोड टाक, लॅपटॉप जुना असला आणि जड जात असलं तर नोटपॅडमध्ये पण होतं, मजाक करत नाहीये. एका फोल्डरमध्ये इंडेक्स डॉट एचटीएमएल नावाची फाइल बनव, ब्राउझरमध्ये उघड, एक ओळ बदल, रिफ्रेश कर. दुसऱ्याची साइट आवडली तर एफ १२ दाब आणि त्याने काय केलंय ते बघ. जावास्क्रिप्टला ह्या वेळी हात लावू नकोस, लागतच नाही.

साधं दिसण्याचं म्हणशील तर जगातलं पहिलं वेबपेज टिम बर्नर्स-ली ह्यांनी सर्न ह्या युरोपातल्या संशोधन संस्थेत बनवलं, १९९१ मध्ये ते बाहेरच्या लोकांना कळलं, आणि सर्नने ते २०१३ मध्ये परत जुन्या पत्त्यावर लावून ठेवलंय. आज मोबाईलवर उघडून बघ. नुसता मजकूर आणि लिंका, तरी उघडतं आणि वाचता येतं. साधं एचटीएमएल मुळातच स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे वळतं, आपण नंतर सीएसएसमध्ये आठशे पिक्सेल, बाराशे पिक्सेल अशा पक्क्या रुंद्या घालून ते मोडतो. तू फक्त व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग विसरू नकोस, तो नसला तर मोबाईल स्वतःला कॉम्प्युटर समजून सगळं मुंगीएवढं दाखवतो. आणि टेस्टिंग तुझ्या लॅपटॉपवर करू नको, काकूंच्या फोनवर कर, वायफाय बंद करून.

मराठीचं थोडं लांबवून सांगतो कारण हे कोर्समध्ये कोणी शिकवत नाही आणि आपल्याकडच्या निम्म्या साइट इथंच फसतात. काकूंच्या मेसचं पॅम्प्लेट कुठल्यातरी डीटीपीवाल्याने बनवलेलं असणार, त्याच्याकडून तू मजकूर मागशील, तो फाइल देईल, आणि तू कॉपी करून पानात टाकलास की नुसता कचरा दिसेल. त्याचं कारण तो मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये असतो, आत इंग्रजीचीच अक्षरं असतात, वरून फॉन्टने मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. तो फॉन्ट पालकाच्या मोबाईलमध्ये नाही म्हणून मुखवटा निघतो. नेटवर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनवर चालणाऱ्या खऱ्या मराठी अक्षरांत, बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत पण रफार आणि जोडाक्षरं तपासावी लागतात, एका पानासाठी तर गुगलच्या कीबोर्डवर नव्याने टाइप केलेलं बरं. मग पानाच्या वर यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) सांगायचं आणि भाषा मराठी आहे हे पण सांगायचं, काही फॉन्टमध्ये त्यावरून ल आणि श मराठी वळणाचे उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे. फॉन्ट फुकट आणि चांगले आहेत, मुक्ता घे, किंवा नोटो सॅन्स देवनागरी. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेव, दीडपट-पावणेदोनपट, कारण आपल्याला वर वेलांट्या आणि खाली उकार दोन्ही असतात, जवळ आले की एकमेकांत अडकतात. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवायची जी सेटिंग असते तिला हात लावू नको, शिरोरेषा तुटते आणि पाटी पडल्यासारखं दिसतं. सगळा मजकूर फ्लेक्सवाल्याकडून इमेज बनवून टाकायचा शॉर्टकट पण घेऊ नको, तो मोबाईलवर नीट झूम होत नाही, कोणाला कॉपी करता येत नाही, आणि सर्चमध्ये यायला खऱ्या मजकुराइतका उपयोगी पण पडत नाही.

फोटोंबद्दल दोन तांत्रिक गोष्टी. मोबाईलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो, असे आठ फोटो टाकलेस तर गावाकडच्या नेटवर पान उघडेपर्यंत बाप झोपून जाईल. रुंदी बाराशे पिक्सेलपर्यंत आण, दीड-दोनशे केबीत बसव, गुगलचं स्क्वूश नावाचं टूल ब्राउझरमध्येच चालतं. दुसरं, फाइलची नावं सगळी इंग्रजी स्मॉल अक्षरांत, मध्ये स्पेस नाही. विंडोजला कॅपिटल-स्मॉलचा फरक पडत नाही, पण सर्व्हर बहुतेक लिनक्सचा असतो आणि त्याला पडतो. म्हणून लॅपटॉपवर दिसणारा फोटो ऑनलाइन गेल्यावर गायब होतो आणि नवशिका रात्रभर डोकं धरून बसतो. कारण ९० टक्के हेच, नाहीतर फोटोचा पत्ता सी ड्राइव्हचा दिलेला असतो.

संपर्कासाठी फॉर्म बनवू नको. फॉर्म भरलेला कुठंतरी जमा करायला मागं काहीतरी चालवावं लागतं, आणि आपल्याकडचा पालक फॉर्म भरत नाही, तो फोन लावतो. एक मोठं बटण फोनचं, दाबलं की डायल होईल असं, आणि एक व्हॉट्सअ‍ॅपचं, त्यात नंबरच्या आधी ९१ लागतो, अधिकचं चिन्ह किंवा शून्य नाही. नंबर काकूंचा घरगुती नको, मेससाठी वेगळं सिम घ्या, एकदा नंबर नेटवर गेला की लोनवाल्यांचे पण फोन येतात. अ‍ॅडव्हान्सचा क्यूआर कोड साइटवर लावायचा मोह होईल, तो पण नको. खोटी हॉस्टेलं दाखवून अ‍ॅडव्हान्स उकळल्याच्या गोष्टी पालकांनी ऐकलेल्या असतात. उलट मोठ्या अक्षरात लिही की आधी येऊन खोली बघा, एक वेळ जेवा, मग पैसे द्या.

होस्टिंग. तीन वर्षांचं अजिबात घेऊ नको, एक वर्षाचं पण घेऊ नको, एका पानाला पैसे देऊन होस्टिंग लागत नाही. क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा नेटलिफाय ह्यांच्या फुकट प्लॅनवर तुझं फोल्डर नुसतं ओढून टाकलं की साइट चालू होते. गिटहब पेजेसचं नाव तुला वर्गात सगळे सांगतील, सरावासाठी मस्त आहे, पण धंद्याची साइट फुकटात चालवायला ते नाही असं त्यांच्या नियमात लिहिलेलं आहे, व्हर्सेलच्या फुकट प्लॅनचंही तसंच. एसएसएल सर्टिफिकेट, म्हणजे साइट आणि फोनमधलं बोलणं सुरक्षित ठेवणारं, क्लाउडफ्लेअर आणि नेटलिफाय दोन्हीकडं आपोआप मिळतं. त्याचे वेगळे दोन हजार कोणी मागितले तर तिथूनच उठायचं, लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेट देणारी सेवा आल्यापासून ते सगळ्या जगाला फुकट आहे. पण ते पाहिजेच हां, २०१८ च्या जुलैपासून क्रोम सर्टिफिकेट नसलेल्या साइटवर 'सुरक्षित नाही' दाखवतं आणि पालक ते वाचून पान बंद करतो.

पैसे खरे लागतात ते डोमेनला, म्हणजे साइटच्या पत्त्याला, आणि सगळ्यात जास्त काळजी पण तिथंच घ्यायची. डॉट इन घे, वर्षाला साधारण पाचशे ते हजारात बसतं. पहिल्या वर्षाचा आकडा बघू नको, तो गळ असतो, रिन्यूअलचा आकडा बघ. नाव असं निवड की फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला टाइप करता येईल. 'वसतिगृह' टाकू नको, एक जण व्ही लिहील, एक डब्ल्यू, गृहचं कोणी जीआरयू करेल कोणी जीआरआय. काकूंचं किंवा गल्लीचं सोपं नाव आणि पुढं मेस, बस. डॉट भारत २०१४ पासून मराठीत पण मिळतं, हौस असली तर जास्तीचं घे, पण एकटं त्याच्यावर राहू नको, काही ठिकाणी ती लिंक एक्सएन पासून सुरू होणारी विचित्र अक्षरं होऊन दिसते.

आणि डोमेन काकूंच्या नावावर, त्यांच्या ईमेलवर, त्यांच्या मोबाईल नंबरवर. तुझ्या कॉलेजच्या ईमेलवर नाही, करून देणाऱ्याच्या तर मुळीच नाही. माझ्याकडं आलेल्या लोकांत सगळ्यात रडवेले हेच असतात. परभणीकडचा एक बियाणं दुकानदार, पॅम्प्लेट, बिलबुक, दुकानाची पाटी, सगळ्यावर साइटचा पत्ता छापलेला, आणि डोमेन बनवून देणाऱ्याच्या नावावर. तो माणूस पुण्याला गेला, नंबर बदलला, मुदत संपली. शेवटी दुसरं नाव घेऊन पाटी नवीन रंगवली, दुसरा इलाज नव्हता. ऑटो रिन्यूवर पण विसंबू नको, ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून आपोआप पैसे कापायला वेगळी परवानगी लागते आणि बऱ्याच वेळा ते पेमेंट फसतं. काकूंच्या आणि तुझ्या, दोघांच्या फोनमध्ये मुदतीच्या महिनाभर आधीचा गजर लावून ठेवा. डोमेन घेतलं की 'वेबसाइट बनवून देऊ का' असे फोन येतील, घाबरू नको, दोन आठवड्यांनी थांबतात.

इथपर्यंतचा क्रम एकदा सांगतो: वही, मग मजकूर, मग फोटो, मग पान, मग फुकट होस्टिंगवर चढवून काकूंच्या फोनवर बघायचं, आणि सगळं ठीक वाटलं की डोमेन. बहुतेक लोक उलटं करतात, उत्साहात डोमेन आणि होस्टिंग आधी घेतात आणि वर्षभर त्यावर 'लवकरच येत आहे' लिहिलेलं राहतं.

साइटच्या बरोबरीने गुगल मॅपवर मेसची नोंद कर, म्हणजे गुगल बिझनेस प्रोफाइल. फुकट आहे, व्हेरिफिकेशनला गेट आणि आतला भाग दाखवणारा व्हिडिओ मागतात बऱ्याचदा. खरं सांगायचं तर पहिले सहा महिने फोन साइटवरून कमी आणि मॅपवरून जास्त येतील, कारण पालक क्लासचं नाव टाकून जवळपास काय आहे ते बघतो. मग साइट कशाला? मॅपवर तुझे दहा प्रश्न-उत्तरं बसत नाहीत म्हणून, आणि मॅप आपला नाही म्हणून. गुगल आधी ह्याच प्रोफाइलवर फुकट साइट बनवून द्यायचं, मार्च २०२४ मध्ये त्यांनी त्या सगळ्या बंद केल्या, लोकांनी कार्डावर छापलेले पत्ते वाया गेले. स्वतःच्या डोमेनचा हाच फायदा, उद्या नेटलिफायने नियम बदलले तर फोल्डर दुसरीकडं ओढायचं, पत्ता तोच राहतो. सर्च कन्सोलवर, म्हणजे गुगलला आपली साइट कळवायच्या जागी, पण साइट टाकून ठेव, गुगलवर दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, रोज बघत बसू नको.

चॅटजीपीटीला सांगून एका मिनिटात पान होतं की, असं कोणीतरी खाली लिहीलच. होतं, खोटं कशाला बोलू, मी पण वापरतो. पण एआयला नुसतं 'मुलींच्या मेसची साइट बनव' म्हणलास तर तो '५००+ समाधानी विद्यार्थिनी' आणि तीन न जन्मलेल्या पालकांचे अभिप्राय टाकून देईल. काकूंकडं चोवीस मुली आहेत. वहीतला मजकूर तू दे, सांगाडा त्याच्याकडून घे, आणि प्रत्येक ओळीला हे कशासाठी म्हणून विचार, ज्या ओळीचा अर्थ कळला नाही ती काढून बघ काय मोडतं. शिकायला ह्याच्याइतकी चांगली पद्धत मला तरी दुसरी माहीत नाही. कोर्सचं म्हणशील तर ह्या साइटसाठी कोर्सची गरज नाही, नोकरीसाठी पुढं लागला तर लाव, पण आधी हे एक पान स्वतः चढव, मग डेमो लेक्चरला बसलास की समोरचा शिकवतोय का नुसतं स्लाइड वाचतोय ते तुलाच कळेल.

राहिला तो पंधरा हजारवाला. रक्कम जास्त नाही, मीही अशा कामाचे थोडेफार तेवढेच घेतो, माणसाच्या मेहनतीचे पैसे असतात. परीक्षा जवळ आली, तुला वेळच नाही असं असेल तर देऊन टाक, त्यात लाज नाही. फक्त पैसे द्यायच्या आधी तीन गोष्टी विचार. डोमेन कोणाच्या नावावर घेणार. दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी किती, आणि त्यात नेमकं काय करणार. आणि उद्या मला दुसऱ्याकडं जायचं असलं तर सगळ्या फाइल आणि पासवर्ड देणार का, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दे म्हण. तो तिन्हीची सरळ उत्तरं देत असेल तर चांगला माणूस आहे. 'त्याचं टेन्शन तुम्ही घेऊ नका' म्हणाला तर चहा पाजून वाटेला लाव. मजकूर मात्र त्यालाही तुलाच द्यावा लागणार आहे, त्यामुळं वही तेवढी आजच घे, दहावीचे निकाल लागले की काकूंना फोनवरून बोलायला पण फुरसत मिळणार नाही.